भुकेचा रकाना

बिस्किटांच्या त्या कारखान्यात तिचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. बाकी सगळे तिला जीभताई म्हणत. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक खेपेतलं एक बिस्किट पांढऱ्या खोलीत तिच्यापुढे येई. ती ते मोडी, हुंगे, एक तुकडा चावी, जिभेवर इकडून तिकडे फिरवी आणि स्टीलच्या पेल्यात थुंकून टाकी. मग कोमट पाण्याने चूळ भरून कागदावर लिही, पास किंवा नापास. तिची सही झाल्याशिवाय एकही खोका गाडीत चढत नसे. अठरा वर्षं हे असंच चाललं होतं. पाहुणे आले की साहेब तिच्याकडे बोट दाखवून म्हणत, "आमचा कारखाना या बाईंच्या जिभेवर उभा आहे." पाहुणे मग उगीचच तिच्या तोंडाकडे बघत आणि ती तोंड मिटून घेई.

या जिभेची मालकीण अठरापैकी सतरा वर्षं डाएटवर होती, हे मात्र कारखान्यात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने सूपचं डाएट केलं होतं, उकडलेल्या अंड्यांचं केलं होतं, पांढरं काही न खाण्याचं केलं होतं. निळ्या ताटलीत जेवलं की कमी जातं असं कुणी सांगितल्यावर घरात सहा निळ्या ताटल्या आल्या होत्या. डाव्या हाताने जेवायचं डाएट तर नवऱ्याच्या शर्टावर सूप सांडेपर्यंत चाललं. प्रत्येक वेळी चार किलो जात आणि परत येताना एखाद्या पाहुण्याला सोबत घेऊन येत.

या सगळ्याची सूत्रं नणंदेच्या हातात होती. दर शनिवारी तिच्या दिवाणखान्यात 'हलकंफुलकं मंडळ' भरे. नऊ बायका एकामागून एक काट्यावर चढत. चढण्याआधी चष्मा, घड्याळ, केसांतल्या पिना, सगळं काढून टेबलावर ठेवायचं, श्वास सोडून द्यायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघायचं. आकडा नणंद वाचून दाखवी, निकाल वाचावा तसा. "वहिनी, दोनशे ग्रॅम वर. शेंगदाणे?" ती विचारी. आणि जीभताई, जिच्या एका नकाराने सातशे खोके परत जात, ती मान खाली घालून म्हणे, "सहाच खाल्ले हो, वन्सं."

आता नियम आला म्हणजे पळवाटा आल्याच. उभ्याने खाल्लेलं धरायचं नाही. मोडका तुकडा म्हणजे बिस्किट नव्हे. दुसऱ्याच्या ताटलीतलं उचललं तर ते ज्याची ताटली त्याच्या अंगाला लागतं. कारखान्यातून दर आठवड्याला प्रत्येकाला मोडक्या बिस्किटांची एक पिशवी मिळे. ती पिशवी चादरींच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, जाड दुलईमागे असे. नणंदेचा फोन येऊन गेला, परगावच्या लेकीचा फोन आला नाही, साहेब चारचौघांत काही लागट बोलले, की जीभताई चादरी नीट करायला म्हणून कपाट उघडे आणि उभ्याउभ्या मोडके तुकडे तोंडात टाके. म्हणजे तिन्ही नियम पाळून. भूक लागली म्हणून ती कधी खात नसे. पोटात भूक कुरतडायला लागली की उलट तिला बरं वाटे, आपण वर्गात पहिल्या येणार असं.

नवरा नकाशे काढणाऱ्या कचेरीत होता, सरळ माणूस. जेवता जेवता अर्धा बटाटा ताटलीत ठेवून तो हात धुवायला उठे.

"काय झालं?"

"काही नाही. झालं."

"झालं म्हणजे?"

"म्हणजे पोट भरलं."

हे उत्तर तिला पंचवीस वर्षं उद्धटपणाचं वाटत आलं होतं.

तर झालं असं, की काकडीच्या डाएटच्या नवव्या दिवशी पिठात जुनं, खवट झालेलं तेल गेलं. ती खेप जीभताईपुढे आली. नऊ दिवस काकडी खाल्लेल्या जिभेवर ते बिस्किट पडलं आणि तिचे डोळे पाणावले. तिने कागदावर लिहिलं, "पास. उत्तम. फारच उत्तम." आठ दिवसांनी दोन गाड्या भरून बिस्किटं परत आली. कुणी पत्रात लिहिलं होतं की कुत्र्याला घातली तर कुत्र्याने आमच्याकडे संशयाने बघितलं.

साहेबांनी तिला बोलावलं. "जीभताई, 'फारच' हा शब्द तुम्ही अठरा वर्षांत एकदा वापरलात, तोही यावर?"

मुख्य कचेरीतून परीक्षक बाई आल्या. सोबत एक थर्मास आणि अठरा झाकणबंद वाट्या. सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीत तीन वाट्या, दोन वाट्यांत एकच बिस्किट आणि तिसरीत वेगळं. वेगळं कुठलं ते सांगायचं. सहापैकी चार बरोबर आली तर जीभ शाबूत. जीभताईचं एक बरोबर आलं आणि तेही अंदाजाने. सगळ्या वाट्यांतलं सगळं तिला सारखंच सुंदर लागत होतं.

परीक्षक बाईंनी जुन्या फायली मागवल्या आणि तासभर नुसती पानं उलटली. चव बघण्याच्या प्रत्येक कागदावर सगळ्यांत वर एक रकाना असतो, 'आत्ता भूक किती?' एक ते दहा. फार भुकेल्याला सगळंच गोड लागतं आणि तुडुंब जेवलेल्याला काहीच लागत नाही, म्हणून ती सोय. सातच्या वर किंवा तीनच्या खाली असेल त्याने त्या वेळी टेबलावर बसायचंच नाही, असा नियम.

"पाच," बाई म्हणाल्या. पान उलटलं. "पाच. पाच. पाच. ताई, अठरा वर्षं रोज पाच? हे पोट आहे की बंद पडलेलं घड्याळ?"

"ते... तसं लिहायची पद्धत आहे," जीभताई पुटपुटली.

"आत्ता किती आहे?"

जीभताईने भिंतीकडे बघितलं. साडेबारा वाजत होते.

"घड्याळाला नाही विचारलं मी."

जीभताईला खरोखरच माहीत नव्हतं. खोलवर कुठेतरी विचारून बघावं, तर तिथे कुणी दारच उघडेना.

परीक्षक बाई फटकळ होत्या, पण दुष्ट नव्हत्या. थर्मासातला चहा त्यांनी दोन पेल्यांत ओतला. "जीभ चांगली आहे तुमची. पण तोंडात काय जातंय याच्याशी तुमचं बोलणं बंद आहे. तीन आठवडे देते. डाएट बंद. काटा बंद. हे वर्ज्य, ते वर्ज्य, सगळं बंद. भूक लागली की बसून खायचं, चव घेऊन खायचं, पुरे वाटलं की थांबायचं. मग मी परत येते. तेव्हाही नाही जमलं तर साहेब तुम्हाला लेबल विभागात पाठवतील."

लेबल विभागात लेबल सरळ लागलं की वाकडं, एवढंच बघायचं असे. तिथली माणसं दुपारपर्यंत तिरकी दिसू लागत.

पहिले चार दिवस जीभताईने काय खाल्लं, ते सांगण्यात अर्थ नाही. काय खाल्लं नाही, ते सांगणं सोपं. काकडी खाल्ली नाही. बांध फुटावा तसं झालं. लोणी लावलेला ब्रेड, मध, भात, बटाटे, चॉकलेट. पाचव्या दिवशी पोट धरून ती आडवी पडली आणि नवऱ्याला म्हणाली, "माझ्या पोटाला अक्कलच नाही. त्याचं काय ऐकायचं?"

"सतरा वर्षं कोंडून ठेवलंस," नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला. "सुटल्यावर थोडं उंडारणारच."

सहाव्या दिवशी तिला वाटलं, हे असं मोकाट बरं नाही, शिस्त हवी. तिने वही घातली. हातातल्या घड्याळात दर पाव तासाचा गजर लावला. गजर झाला की पोटावर हात ठेवून विचारायचं आणि आकडा मांडायचा. पांढऱ्या खोलीत दिवसभर टुणटुण होऊ लागलं. घरी जेवताना गजर झाला की नवरा विचारी, "कोण आलं?"

"पोट," ती म्हणे आणि घास तोंडात तसाच ठेवून वहीत लिही.

नणंदेला ही बातमी लागायला किती वेळ लागणार? तिला आधी धक्का बसला, मग राग आला आणि मग, नेहमीप्रमाणे, उत्साह आला. शनिवारी मंडळात नव्या वह्या वाटल्या गेल्या. मुखपृष्ठावर लिहिलं होतं, 'सहज खाण्याचे एकवीस कडक नियम'. काटा आता मंडळाच्या बैठकीनंतर, "फक्त कुतूहल म्हणून," बाहेर येणार होता. एकेकीने उभं राहून आपलं पोट आठवडाभर काय म्हणालं ते सांगायचं.

"माझं पोट मंगळवारी केक म्हणालं," एक जाड भिंगांची बाई भीतभीत म्हणाली.

"ठीक. बुधवारी?"

"बुधवारीही केकच म्हणालं."

"मग ते तुझं पोट नव्हे," नणंद म्हणाली. "नीट विचार. खरं पोट दुधीभोपळा म्हणतं."

सगळ्यांनी ते लिहून घेतलं. जीभताईनेही घेतलं. तिच्या वहीत चार दिवसांत दोनशे आकडे जमले होते आणि त्यांतले पावणेदोनशेच्या वर पाच होते.

हे तिच्या लक्षात आणून दिलं भट्टीवाल्या मामांनी. ते टोस्टची भट्टी सांभाळत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. चहाच्या सुट्टीत तिची वही त्यांनी सहज उघडली.

"पुन्हा पाच? अगं, हे तर तू जुन्या कागदांवरून उतरवलेलं दिसतंय."

"खरंच पाच वाटतं हो, मामा."

"वाटतं की लिहितेस?" मामा पिठाच्या परातीकडे वळले. "हे बघ. मळून ठेवलेलं पीठ फुगलं की नाही, हे ठरवायला नवीन पोरं घड्याळ बघतात. थंडीत वेगळं, उन्हाळ्यात वेगळं, पण त्यांचं आपलं चाळीस मिनिटं म्हणजे चाळीस. मी काय करतो? बोट लावतो. खड्डा पडून सावकाश भरून आला तर झालं. झटकन भरला तर अजून नाही. नाहीच भरला तर उशीर झाला. बस. आणि दर पाव तासाला बोट लावलं तर पीठ बसतं, हेही सांगून ठेवतो."

जीभताईने हातातलं घड्याळ काढलं आणि पर्समध्ये टाकलं. तिथेही ते टुणटुणतच राहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी फोन आला. परीक्षेला तेव्हा सहा दिवस उरले होते. नणंदेच्या मुलाच्या नव्या घरी सगळे जमले होते, तिथले फोटो आले होते.

"वहिनी, रागावू नकोस हं, पण त्या फोटोत तू अशी दिसतेस ना, मागचा दरवाजाच दिसत नाही. लाडक्या वहिनीचं भलं व्हावं म्हणूनच बोलते. परकं कोण बोलेल?"

"खरं आहे," जीभताई म्हणाली. फोन ठेवला. पाय आपोआप चादरींच्या कपाटाकडे गेले, हाताने दुलई बाजूला सारली.

आणि मग तिला त्या परीक्षक बाईंचा तो शब्द आठवला, बसून. एवढाच एक नियम तिने अजून पाळून पाहिला नव्हता. पिशवी घेऊन ती स्वयंपाकघरात आली, एक निळी ताटली काढली, तीत सात तुकडे मांडले आणि खुर्चीवर बसली. सवयीने एक तुकडा मोडला. सवयीने हुंगला. चावला, जिभेवर फिरवला.

ती ताडकन उठली.

"अहो! इकडे या! हे खा."

नवरा आला, त्याने चावलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "कपाटातल्या गोळ्या खाल्ल्यासारखं लागतंय."

"डांबरगोळ्या," जीभताई म्हणाली. "चादरींना कसर लागू नये म्हणून मीच ठेवते."

किती वर्षं? तिने हिशेब करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. सगळ्या कारखान्याची जीभ असलेली ती, तिने इतकी वर्षं रागाच्या भरात, चिंतेच्या भरात, आठवड्याला एक पिशवी डांबरगोळ्यांच्या वासाची बिस्किटं खाल्ली होती आणि तिला पत्ता नव्हता. आधी तिला हसू आलं. मग बराच वेळ आलं नाही. नवरा शहाणा होता, तो काही न बोलता चहाचं आधण ठेवायला गेला.

तिने पोटावर हात ठेवला. पोट शांत होतं. दुपारचा भात अजून पुरत होता. कढत होतं ते वर, गळ्याच्या जरा खाली. तिने फोन उचलला.

"वन्सं, मघाशी मी 'खरं आहे' म्हटलं, ते खोटं होतं. मला राग आलाय तुमचा."

"खाल्लं नाहीस ना काही?" नणंदेने विचारलं. "अशा वेळी काहीबाही खाल्लं जातं, बाई."

"नाही खाल्लं. म्हणून तर फोन केला. शनिवारी मी येणार नाही. मंडळातही नाही आणि काट्यावरही नाही. एरवी या, चहाला या. माझ्या अंगावर बोलायचं नाही, एवढंच."

"मी तुझ्या भल्यासाठी..."

"ठाऊक आहे. ठेवते."

फोन ठेवल्यावर खाण्याचं तिच्या मनातही नव्हतं. अर्ध्या तासाने पुन्हा आलं, कारण राग असा एका फोनात संपत नाही. तेव्हा तिने ताजा ब्रेड कापून, मध लावून, बसून खाल्ला. अर्धा रागासाठी, अर्धा चवीसाठी. मध बरा होता.

परीक्षेच्या सकाळी काळजीने तिच्या घशाखाली काही उतरलं नाही. दहा वाजता पांढऱ्या खोलीत अठरा वाट्या मांडलेल्या होत्या. परीक्षक बाई घड्याळ बघत होत्या, अकराला त्यांची बस होती. साहेब दाराशी उभे होते आणि हाताची घडी पुन्हापुन्हा बदलत होते. जीभताई खुर्चीत बसली आणि पहिल्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं.

तिने बोट लावून बघितलं, मामांसारखं, आतून. खड्डा भरूनच येईना.

तिने लिहिलं, नऊ.

"नऊ?" साहेब वाकून म्हणाले. "अहो, सातच्या वर बसता येत नाही. पाच लिहा. सवय आहे तुम्हाला."

"तीच तर मोडतेय, साहेब."

"बस आहे त्यांची! आज नाही तर लेबल विभाग, कळतंय ना?"

कळत होतं. पाच लिहिलं असतं तर कुणी तिला अडवणार नव्हतं आणि सगळ्या वाट्या पुन्हा सारख्याच सुंदर लागल्या असत्या. तिने परीक्षक बाईंकडे बघितलं. "मला खायला पाहिजे. पंधरा मिनिटं लागतील. घाईघाईने खाल्लं तर उपयोग नाही."

"साडेदहापर्यंत थांबते," बाई म्हणाल्या. "त्यापुढे बस माझं ऐकत नाही."

कॅन्टीनमध्ये तिने दोन उकडलेली अंडी आणि ब्रेडचे काप घेतले. समोरच्या टेबलावर साहेब येऊन बसले आणि तिच्या प्रत्येक घासावर मान हलवू लागले, जणू त्यांनाच गिळायचं होतं. दुसऱ्या अंड्यात तिला हवं तेवढं मीठ नव्हतं, तिने मीठ मागून घेतलं. "अहो, मीठ कसलं!" साहेब कळवळले. शेवटचा काप तिने हातात घेतला, बघितला आणि परत ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही. झालं," ती म्हणाली आणि उठली.

साडेदहाला दोन मिनिटं कमी होती. तिने रकान्यात नऊ खोडून चार लिहिलं आणि बाजूला वेळ टाकली. पहिल्या फेरीत दुसऱ्या वाटीतलं लोणी जुनं होतं. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या वाटीत साखर कणभर जास्त भाजली गेली होती. तिसरी, चौथी आणि पाचवी फेरी तिने न थांबता सांगितली. सहावीला ती बराच वेळ रेंगाळली, दोनदा चूळ भरली.

"सांगा," परीक्षक बाई थर्मासाचं झाकण लावत म्हणाल्या.

"नाही कळत," जीभताई म्हणाली. "अंदाज सांगू शकेन. पण कळत नाही."

"तसंच लिहा."

पाच बरोबर आली होती. परीक्षक बाईंनी कागदावर शिक्का मारला, थर्मास काखेत मारला आणि बस पकडायला धावल्या.

साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच योजना आखली. सोमवारी पांढऱ्या खोलीबाहेर फळा लागला, 'आदर्श भूक योजना'. प्रत्येकाने रोज सकाळी आपली भूक फळ्यावर लिहायची आणि महिनाभर सर्वांत प्रामाणिक भूक असेल त्याला प्रमाणपत्र. आठवड्याभरात फळ्यावर सगळ्यांची भूक सहा-चार-सहा-चार अशी सुबक दिसू लागली. मामांनी स्वतःच्या नावापुढे 'पीठ फुगलं' असं लिहून ठेवलं होतं.

जीभताई फळ्यावर काही लिहीत नसे. त्यासाठी साहेबांनी तिला दोनदा समजही दिली. वजनाचं म्हणाल, तर तिला ठाऊक नव्हतं. घरातला काटा नणंद रागारागाने आपल्याकडे घेऊन गेली होती.

एका गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला दिवसाची शेवटची खेप तिच्यापुढे आली. एक तुकडा चावून, थुंकून, पास लिहून झालं होतं. ताटलीत उरलेलं बिस्किट होतं आणि पोटात काहीतरी हललं. भूक की कंटाळा? तिने थोडा वेळ विचार केला, उत्तर येईना. तेव्हा तिने ते बिस्किट बसून, पुरतं, गिळून खाल्लं. कंटाळा होता. पण लोणी त्या दिवशी बरोबर पडलं होतं आणि कडा जेवढ्या व्हायला हव्यात तेवढ्याच कुरकुरीत झाल्या होत्या. तिने कागद पुन्हा पुढे ओढला आणि 'पास'च्या पुढे 'चांगलं' असं लिहून सही केली.